निवळशंख पाण्याचा भरवसा

पाणी स्वच्छ आहे की नाही, हे आपण डोळ्यांनी ठरवतो. तळ दिसला, गढूळपणा नसला, वर काही तरंगत नसले की आपले समाधान होते आणि रोजच्या व्यवहारात तेवढ्याने बहुधा भागतेही. घरातल्या हॉट टबच्या, म्हणजे गरम पाण्यात झोत घेत बसायच्या टबच्या, बाबतीत मात्र डोळे हे सर्वांत भाबडे साक्षीदार ठरतात. तळाशी बसवलेल्या जाळीची भोके मोजता यावीत इतके निवळशंख पाणी जंतूंनी भरलेले असू शकते. उलट, नुकताच खाण्याचा सोडा टाकल्यामुळे काही वेळ धुरकट दिसणाऱ्या पाण्यात क्लोरीन पुरेसे असेल, तर त्याच्याइतके निर्धोक पाणी दुसरे नाही. टब सांभाळता सांभाळता मला जे उमगले ते एवढेच, की या कामात घासणे-पुसणे थोडे आहे आणि आपल्या कोणत्या इंद्रियावरचा विश्वास कधी काढून घ्यायचा, हे शिकणेच फार आहे.

हॉट टबचा पूर्वज या कटकटीतून मुक्त होता. इटलीहून अमेरिकेत जाऊन स्थिरावलेल्या जकूझी कुटुंबाचा व्यवसाय पंपांचा होता. त्यांपैकी कँडिडो जकूझी यांनी संधिवाताने ग्रासलेल्या आपल्या लहान मुलाला जलोपचार घरच्या घरी मिळावेत म्हणून आंघोळीच्या टबात ठेवून चालवता येईल असा पंप तयार केला आणि 1956 पासून तो विक्रीला आला. पुढे 1968 मध्ये त्याच घराण्यातल्या रॉय जकूझी यांनी पाण्याचे झोत टबच्या भिंतीतच बसवले. या टबांमध्ये आंघोळ उरकली की बूच काढायचे आणि पाणी सोडून द्यायचे, एवढेच काम उरत असे. घरगुती हॉट टबचे बूच मात्र महिनोन्‌महिने जागचे हलत नाही. तेच पाणी तापत राहते, तेच गाळले जाते, आणि आज ज्या पाण्यात कोणी बसून गेले त्याच पाण्यात उद्या आणि परवा इतर बसतात. देखभालीची सगळी यातायात या एका फरकातून येते, आणि टब विकत घेताना झोतांची संख्या मोजणाऱ्या माणसाला ती कोणी फारशी समजावून सांगत नाही.

शिवाय हे पाणी किती थोडे असते, हेही लक्षात येत नाही. मध्यम आकाराच्या टबमध्ये साधारण 1500 लिटर पाणी मावते. त्यात चार माणसे बसली की माणशी 375 लिटर झाले. आता 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा पोहण्याचा तलाव घ्या: त्यात सुमारे पावणेपाच लाख लिटर पाणी असते. टबमध्ये चौघांनी जेवढी गर्दी केली, तेवढीच गर्दी त्या तलावात करायची तर साडेबाराशे माणसे एकाच वेळी उतरवावी लागतील. अशा तलावात आपण पाऊलही टाकणार नाही; टबमध्ये मात्र चौघे म्हणजे आपल्याला मोकळेढाकळे वाटते. वर पुन्हा पाणी 38 ते 40 अंश सेल्सिअस तापलेले, म्हणजे घाम भरपूर येतो आणि तो पाण्यातच मिसळत असल्यामुळे जाणवत नाही. अंगाचे तेल, मेलेली त्वचा, मलमे, केसांना लावलेले काहीबाही आणि कपड्यांत उरलेला साबण हे सगळे त्यात जमा होते. इतक्या उबेत आणि इतक्या खाद्यावर जंतूंची चंगळ होणारच. त्यामुळे टबमध्ये जंतू आहेत की नाहीत हा प्रश्न नसून त्यांना मारणारे द्रव्य त्यांच्या वाढीपेक्षा वेगाने काम करते आहे की नाही, हा आहे.

डोळ्यांनंतर नाकाची पाळी. तलावाजवळ गेल्यावर जो उग्र वास येतो, त्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो आणि वास आला म्हणजे पाण्यात औषध भरपूर आहे असे धरून चालतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. मोकळ्या क्लोरीनची घाम आणि मूत्र यांतल्या नत्रयुक्त पदार्थांशी गाठ पडली की क्लोरामाइन तयार होते, आणि नाकाला व डोळ्यांना झोंबते ते हेच. म्हणजे तो वास कामी येऊन खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो, शिल्लक असलेल्या क्लोरीनचा नव्हे. नीट राखलेल्या टबचे झाकण उघडले तर वास अगदी पुसट येतो. वास उग्र झाला की क्लोरीन कमी करण्याची इच्छा होते, तेव्हा खरे तर ते वाढवायचे असते: साचलेले क्लोरामाइन मोडून निघेल इतका मोठा डोस द्यायचा आणि झाकण उघडे ठेवून, झोत चालू करून जे वायुरूप होईल ते बाहेर जाऊ द्यायचे. ज्याचा वास नकोसा झाला आहे तेच आणखी ओतायचे, हे मनाला पटायला जड जाते, पण त्याला इलाज नाही.

मग भरवसा ठेवायचा कशावर? मोजणीवर. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हॉट टबसाठी मोकळे क्लोरीन किमान 3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 3 भाग, असावे असे सांगते (तलावासाठी 1 पीपीएम पुरते), ब्रोमीन वापरत असल्यास 4 ते 8 पीपीएम, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचे माप, 7.0 ते 7.8 यांच्या दरम्यान. यांतला पीएच हा आकडा बहुतेक जण दुय्यम समजतात. एका दारू-भट्टीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सॉरेन सॉरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने 1909 मध्ये ही मोजपट्टी मांडली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बिअर होती. पण टबवाल्यांनी त्याचे ऋण मानावे असे तिचे महत्त्व आहे. क्लोरीन पाण्यात गेले की त्याचे दोन भाग पडतात. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतूंवर तुटून पडते. दुसरा हायपोक्लोराइट आयन, जो त्या मानाने फारच सुस्त असतो. पीएच 7.5 च्या आसपास हे दोन्ही निम्मे निम्मे असतात, 7 ला तीन चतुर्थांश भाग कामाचा असतो आणि 8 ला जेमतेम एक चतुर्थांश. म्हणजे मोजणीत क्लोरीन तेवढेच दिसले तरी पीएच चढला की त्याची धार बोथट झालेली असते.

आणि टबमध्ये पीएच चढतच राहतो, कारण ज्या बुडबुड्यांसाठी आपण टब घेतो तेच बुडबुडे पाण्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात. तो गेला की पाणी अल्कधर्मी होत जाते. सोडियम बायसल्फेट हे आम्ल टाकून पीएच खाली आणावा, तर पाण्याची क्षारता, म्हणजे पीएच स्थिर राखण्याची ताकद, घटते. ती फार घटली की पीएच वाटेल तसा उड्या मारू लागतो. म्हणून मग खाण्याचा सोडा टाकून क्षारता सावरायची. 1500 लिटर पाण्याची क्षारता 10 पीपीएमने वाढवायला सुमारे 25 ग्रॅम सोडा लागतो. पहिले काही आठवडे हा पाठशिवणीचा खेळ चालतो. क्षारता 80 ते 120 पीपीएम ठेवावी असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. झोत फार चालवणाऱ्याने ती खालच्या टोकाला ठेवलेली बरी, म्हणजे पीएचची चढण मंदावते, असे माझे मत झाले आहे.

मोजणी करायची तर चाचणीपट्टी हे सगळ्यांत सुटसुटीत साधन, पण तिच्याही खोडी ओळखून असावे लागते. ओल्या बोटांनी डबीतून पट्टी काढली की त्या ओलीने डबीतल्या उरलेल्या पट्ट्याही खराब होतात. पाण्याच्या पृष्ठभागाशी न बुडवता ती कोपरभर खोल न्यावी, झोताच्या तोंडापासून दूर धरावी, बाहेर काढल्यावर झटकू नये आणि वेष्टनावर लिहिलेले सेकंद मोजूनच रंग पाहावा. मिनिटभर उशीर झाला की पीएचचा चौकोन नारिंगीकडून लालकडे सरकू लागतो आणि मग आपण पाणी वाचतो आहोत की उशीर, हे कळेनासे होते. थेंब टाकून करायची चाचणी अधिक विश्वासाची आहे. मात्र तिच्यातही एक चकवा आहे. डीपीडी या रसायनाने क्लोरीनयुक्त पाणी गुलाबी होते; पण क्लोरीन फारच जास्त असेल तर तो गुलाबी रंग उमटता उमटताच उडून जातो आणि नळीतले पाणी बिनरंगी राहते, जणू क्लोरीन शून्यच आहे. कोणी भोळेपणाने त्यावर आणखी डोस ओतला तर काय होईल ते सांगायला नको. थेंब पडताच क्षणभर गुलाबी झाक येऊन नाहीशी झाली, तर टबमधले थोडे पाणी दुपटी-चौपटीने साध्या पाण्यात मिसळून पुन्हा मोजावे आणि आलेल्या आकड्याला तितक्या पटीने गुणावे. ज्याला पंच नेमले आहे त्यालाही अधूनमधून उलटतपासणी द्यावी लागते, ती अशी.

क्लोरीन कोणत्या रूपात द्यायचे यावर माझी मते जरा ठाम आहेत. दाणेदार डायक्लोर वापरायला सोपे असते, पटकन विरघळते आणि त्यामुळे ते घरोघर वापरले जाते. पण त्यासोबत सायन्युरिक ॲसिडही पाण्यात जाते: दर 10 पीपीएम क्लोरीनमागे सुमारे 9 पीपीएम. उघड्या तलावात उन्हाने क्लोरीन उडू नये म्हणून त्याचा उपयोग असतो. दिवसभर झाकणाखाली राहणाऱ्या टबला ते काय कामाचे? क्लोरीन खर्च होऊन जाते, हे मात्र जात नाही. रोज 3 पीपीएमचा डोस धरला तरी महिनाभरात ते 80 पीपीएमच्या घरात पोचते, क्लोरीनला धरून ठेवते आणि त्याचा मारा मंदावते. चाचणीत क्लोरीन नीट दिसते, पाणी नीट दिसते, आणि तरी जंतू मरत नाहीत. सीडीसीने हॉट टबमध्ये हे द्रव्य वापरू नये असे सांगण्यामागे हेच कारण आहे. म्हणून मी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट पसंत करते, सुगंध किंवा साबण न मिसळलेले. हिशेब सोपा असतो: 1500 लिटरमध्ये 3 पीपीएम म्हणजे साडेचार ग्रॅम क्लोरीन, आणि 5 टक्क्यांचे द्रावण असेल तर त्यासाठी 90 मिलिलिटर. कंटाळवाणे एवढेच, की ते जवळजवळ रोज द्यावे लागते, आणि साठवून ठेवले की त्याची शक्ती हळूहळू उतरते. मोजून दिले, झोत चालू केले, झाकण वीस-एक मिनिटे उघडे ठेवले की झाले. दोन प्रकारची क्लोरीनची औषधे किंवा क्लोरीन आणि आम्ल एकमेकांत कोरडीसुद्धा मिसळू द्यायची नाहीत, एकच मोजमाप दोन डब्यांत घालायचे नाही, आणि औषध नेहमी पाण्यात टाकायचे, औषधावर पाणी कधीही नाही. विषारी वायू किंवा आग यांच्याशी खेळ करण्यात काहीच शहाणपण नाही.

इथवर जे सांगितले ते टबच्या पोटातल्या पाण्याविषयी. खरे पाणी मुरते ते नळ्यांमध्ये. टबच्या भिंतीमागे अनेक मीटर नळ्या वळणे घेत गेलेल्या असतात, त्यांतल्या काहींत झोत बंद असताना पाणी नुसते पडून राहते, आणि तिथे जंतू स्वतःभोवती बुळबुळीत थर विणून राहतात. या थराची रीत माणसाला फार पूर्वीच दिसली होती. 1680 च्या दशकात भिंगातून सूक्ष्म जीव पाहणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांवरचे किटण भिंगाखाली पाहिले आणि व्हिनेगरने त्यातले बाहेरचे जीव मरतात, पण व्हिनेगर आतपर्यंत पोचत नाही, असे नोंदवून ठेवले. टबमधल्या क्लोरीनचेही तसेच होते. ते थराच्या वरच्या पापुद्र्यावरच खर्ची पडते. आत सुडोमोनास नावाचा जंतू सुखाने नांदतो आणि संधी मिळताच बसणाऱ्यांच्या अंगावर, विशेषतः पोहण्याचा पोशाख घट्ट बसतो तिथे, लाल पुटकुळ्या उठवतो.

पुटकुळ्यांवर निभावते ते ठीक. सगळेच तसे निभावत नाही. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर ज्याचा शोध लागला तो लीजनेला हा न्यूमोनिया घडवणारा जंतू कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे श्वासात जातो. फेब्रुवारी 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल येथे भरलेल्या फुलांच्या प्रदर्शनात काही हॉट टब ग्राहकांना दाखवण्यासाठी भरून चालू ठेवलेले होते. लोक त्यांत उतरले नव्हते, त्यांच्या जवळून नुसते चालत गेले होते. तरी त्या साथीत किमान 32 माणसे दगावली. ते पाणी पाहून कोणाला संशय आला असता असे मला वाटत नाही. टब ही केवळ त्यात बसणाऱ्याची खासगी बाब राहत नाही, तो चालू असताना शेजारी उभा असलेला माणूसही त्याचेच पाणी हुंगत असतो, हे त्या घटनेनंतर कोणी विसरू नये.

म्हणून पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी नळ्या साफ करण्याचे औषध टाकून सगळे झोत फिरवायचे. निवळशंख म्हणून ज्याचे आदल्या दिवशी कौतुक झाले असेल, त्याच पाण्यावर तासाभरात तपकिरी फेस चढू लागतो. झोतांच्या तोंडातून मळकट पापुद्रे सुटे होऊन येतात, पाण्याच्या रेषेवर बोट फिरवले तर साय हाताला लागावी तसा ओशट पट्टा लागतो, आणि फेस जिथे मोडतो तिथे काठावर करड्या रंगाची किनार उरते. हे दृश्य किळसवाणे आहे आणि प्रत्येक टबमालकाने ते निदान एकदा थांबून पाहावे. नव्या कोऱ्या टबमध्येही हे करावे असे मी म्हणेन, कारण कारखान्यात पाणी भरून तपासणी झालेली असू शकते आणि त्या पाण्याचा अंश नळ्यांत राहून गेलेला असतो.

फिल्टरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. घड्यांचे कापडी नळकांडे आठवड्या-पंधरवड्याने साध्या नळीने घडीघडीतून धुवावे, तेल सुटावे म्हणून महिन्याने योग्य द्रावणात रात्रभर भिजवावे, आणि क्षार बसले असतील तर आम्लाचा प्रयोग तेल निघाल्यानंतरच करावा, नाही तर ते तेल धाग्यांत पक्के बसते. जोरदार फवाऱ्याने धागे फाटतात. फेसाचेही तसेच: तो साबणाचा, मलमांचा असतो, आणि फेस मारण्याचे औषध तो नुसता झाकते. पाण्यात टाकायची सुगंधी द्रव्ये मला त्याच माळेतली वाटतात. नाक आधीच बेभरवशाचे, त्याला लाच कशाला द्यायची?

ओझोन, अतिनील किरण, चांदी-तांब्याच्या कांड्या यांची जाहिरात करताना क्लोरीनपासून सुटका मिळेल असे सुचवले जाते. ओझोन आणि किरण त्यांच्या कप्प्यातून जाणाऱ्या पाण्यावर उत्तम काम करतात, यात शंका नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगावरून आत्ता निसटलेला जंतू त्या कप्प्यापर्यंत पोचण्याआधी आपल्यापर्यंत पोचतो, आणि त्या वाटेवर पहारा देणारे द्रव्य पाण्यातच असावे लागते. ही साधने मदतनीस म्हणून ठेवावीत, त्यांच्यावर घर सोपवू नये.

या सगळ्यांपेक्षा परिणामकारक उपाय फुकटचा आहे, आणि तोच अमलात आणणे सर्वांत अवघड: टबमध्ये उतरण्यापूर्वी प्रत्येकाने मिनिटभर तरी अंग धुणे. माझी भाची दर खेपेला म्हणते, “मावशी, पाणी तर एवढं स्वच्छ दिसतंय, आता आणखी आंघोळ कशाला?” पाणी स्वच्छ दिसते म्हणूनच, असे उत्तर मी देते, आणि ते तिला उद्धटपणाचे वाटते. घरी आलेल्या माणसाला आधी अंग धुऊन या असे सांगणे अवघड जाते, हे खरे. पण चौघांनी अंग न धुता टब वापरला की दुसऱ्या दिवशी मोजणीत क्लोरीन जमिनीला टेकलेले असते, आणि तो हिशेब भिडेपोटी बदलत नाही.

पाणी कधी बदलायचे याचे एक ठोकळ गणित आहे: लिटरमधला आकडा सुमारे साडेअकराने भागायचा, आणि आलेल्या उत्तराला रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने पुन्हा भागायचे. 1500 लिटर आणि रोजची दोन माणसे असतील तर 65 दिवस येतात. तोवर पाण्यात मिठे, साबणाचे अंश आणि प्रत्येक औषधाचा काही ना काही गाळ साठलेला असतो आणि त्यावर उपाय फक्त बूच काढण्याचा. सोडण्यापूर्वी झाकण उघडून क्लोरीन शून्यावर येऊ द्यावे, म्हणजे ते झाडांना किंवा ओढ्यातल्या जीवांना बाधत नाही. भरताना नळी फिल्टरच्या खोबणीत सोडावी. तसे केल्याने पंपात हवा अडकून तो नुसता गुणगुणत राहण्याची शक्यता कमी होते. पाण्यात लोह किंवा तांबे असेल तर क्लोरीन पडताच पाणी चहासारखे तपकिरी किंवा पारदर्शक हिरवे होते. ते शेवाळ नव्हे, धातूंचा रंग आहे, आणि त्यावर आणखी क्लोरीन ओतण्याने काही साधत नाही.

नवे पाणी तेजाळ असते, कोणालाही त्यात लगेच उतरावेसे वाटते, आणि नेमके तेव्हाच त्यात राखण करणारे काहीही नसते. म्हणून पहिला डोस देऊन संध्याकाळी मोजायचे, रात्रभर कोणालाही उतरू द्यायचे नाही, आणि सकाळी पुन्हा मोजायचे. थोडी घट साहजिक आहे. पण कोणी पाय न बुडवता क्लोरीन निम्म्याहून खाली गेले असेल, तर नळ्यांत कोणीतरी ते अजून खाते आहे असे समजावे. मग पुन्हा तेच औषध, पुन्हा तपकिरी फेस, पुन्हा बूच काढणे. नुकतेच भरलेले 1500 लिटर पाणी सोडून देताना घरातून कुरकुर होते आणि तिला उत्तर म्हणून माझ्याकडे आदल्या संध्याकाळचा आणि सकाळचा, असे दोनच आकडे असतात.